फाटे फुटलेली गोष्ट

ज्या घरात चार लहान मुले नांदतात त्या घरी "मग पुढे काय झाले?" हा प्रश्न कानी पडला नाही असा दिवस विरळा. आजी भाजी निवडीत असो, आई वाती वळीत असो, किंवा काका नुकतेच कचेरीतून येऊन टेकलेले असोत, गोष्ट सुरू झाली की हा प्रश्न येतोच. पण कधी कधी सांगणाराच मध्ये थांबतो आणि उलट विचारतो, "बरे, तू तिथे असतास तर काय केले असतेस?" या दुसऱ्या प्रश्नासरशी मुलांच्या चेहऱ्यावर जो पालट होतो तो आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. लोडाला टेकून ऐकणारे मूल सरसावून बसते. आतापर्यंत गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी होती. आता ती त्याच्यावर येऊन पडलेली असते. या दुसऱ्या प्रश्नावर उभारलेल्या गोष्टींचा शाळेत आणि घरी कसा उपयोग करता येतो, हे गेल्या जानेवारीत तारापूरच्या मुक्कामी आम्हांस पाहावयास मिळाले. ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

ही कल्पना अगदीच परकी आहे असे कोणी समजू नये. वेताळपंचविशी आपल्या घरोघरी ठाऊक आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तही ती आली आहे. राजा खांद्यावर प्रेत घेऊन चालला आहे; प्रेतातील वेताळ त्यास गोष्ट सांगतो आणि शेवटी एक पेच घालतो. उत्तर ठाऊक असून न बोलावे तर मस्तक फुटेल, आणि बोलावे तर मौन मोडून वेताळ पुन्हा झाडावर. ऐकणाऱ्याने नुसते 'हूं' म्हणून भागत नाही, निर्णय द्यावा लागतो, आणि त्या निर्णयाने काही तरी घडते. हल्ली ज्यास परस्परसंवादी कथा म्हणतात तिचे बीज एवढेच आहे. गोष्ट एका ठिकाणी थांबते; वाचणाऱ्यापुढे दोन किंवा तीन वाटा ठेवते; तो जी वाट निवडील तिकडे गोष्ट वळते.

पाश्चात्य देशांत या प्रकाराची छापील पुस्तके निघाल्यास आता बरीच वर्षे झाली. १९३० साली डॉरिस वेबस्टर आणि मेरी ॲल्डन हॉपकिन्स या दोघी अमेरिकन लेखिकांनी असे एक पुस्तक लिहिले. वाचकाने पात्रांसाठी निर्णय घ्यावा, सांगितलेला परिच्छेद उघडावा आणि परिणाम पाहावा, अशी त्याची रचना होती. परंतु हा प्रकार मुलांमध्ये रुजला तो पुढे, आणि त्याच्या मुळाशी दोन बाप आहेत हे कुटुंबवत्सल वाचकांस ऐकून गंमत वाटेल. एडवर्ड पॅकार्ड नावाचे वकील रात्री आपल्या मुलींना गोष्ट सांगत असत. एके रात्री गोष्ट पुढे सुचेना, तेव्हा त्यांनी मुलींनाच विचारले, आता याने काय करावे? दोघींनी दोन निराळी उत्तरे दिली, आणि त्या दोन उत्तरांतून पुस्तकांची कल्पना निघाली. १९७९ साली अशा पुस्तकांची जी माला सुरू झाली तिचे पहिले पुस्तक पॅकार्ड यांचेच होते. दुसरा बाप विल क्राउदर. हा गणकयंत्रांवर काम करणारा, आणि गुहा धुंडाळण्याचा त्यास नाद. पत्नीपासून विभक्त झाल्यावर आपल्या मुलींना काही तरी आवडीचे द्यावे म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने केंटकी प्रांतातील मॅमथ केव्ह या गुहेच्या आधारावर एक शब्दमय खेळ रचला. यंत्र वर्णन करी, मुलींनी आज्ञा टंकून द्यावी, की पुढचे वर्णन हजर! १९७७ साली डॉन वुड्स याने तो वाढवला आणि तो जगभर गेला.

तेव्हापासून या कथांचे दोन कुळाचार आहेत. एकात वाचक स्वतः शब्द लिहितो. दुसऱ्यात समोर मांडलेल्या पर्यायांतून निवडतो. पहिला प्रकार मराठीस जड जातो, आणि त्याचे कारण आपल्या भाषेच्या घडणीतच आहे. इंग्रजीत 'दिवा' या अर्थाचा शब्द कोठेही ठेवला तरी तसाच राहतो. आपल्याकडे दिवा घ्यावा, दिव्यात तेल घालावे, दिव्यापाशी बसावे आणि सणाला दिवे लावावे! यंत्रास ही सारी रूपे एकाच वस्तूची आहेत हे शिकवावयाचे म्हणजे अख्खे व्याकरण त्याच्या घशात उतरवावयाचे. दुसऱ्या प्रकारात ही अडचण नाही. तेथे लिहिणारा माणूस आणि वाचणाराही माणूस, यंत्राने फक्त पान उलटावयाचे. यंत्र नसले तर कागदाच्या चिठ्ठ्यांवरही भागते, आणि आम्ही तारापुरास प्रथम पाहिल्या त्या चिठ्ठ्याच.

आमच्या तारापूरच्या वहिनी बोईसरजवळच्या एका मराठी शाळेत सातवीच्या वर्गास भाषा व इतिहास शिकवितात. घरच्या एका कार्यानिमित्त आम्ही गेलो तेव्हा माजघरात तपासावयाच्या वह्यांचा ढीग पडलेला होता. त्यातील दोन-चार आम्ही सहज चाळल्या. निबंधाचा विषय 'माझ्या गावचा पावसाळा'. पहिल्या वहीत हिरवेगार डोंगर, खळखळणारे झरे आणि थुईथुई नाचणारा मोर. दुसऱ्या वहीत तेच डोंगर, तेच झरे, तोच मोर. वहिनी हसून म्हणाल्या, "भावजी, सगळ्या वह्यांत तोच मोर आहे. मार्गदर्शकातून आला आहे तो." ज्या मुलाची वही आमच्या हाती होती त्याचे घर खाडीच्या काठी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, सुक्या मासळीवर दिवस काढतात, उधाणाचे पाणी अंगणापर्यंत येते, हे सारे तो जन्मापासून पाहतो आहे. त्यातील एक अक्षर वहीत नव्हते. कोणी तरी त्यास असे पटवून दिले होते की लिहावयाची गोष्ट निराळी आणि जगावयाची निराळी. आम्हांस विचाराल तर गुण कमी पडण्यापेक्षा हे नुकसान फार मोठे आहे. आणि आपल्या सुशिक्षित घरांतील मुलांचे निबंध तरी कितीसे वेगळे असतात?

याच मुलुखात, तारापूरहून उत्तरेस, १९४५ साली बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे घेऊन कुरणात जातात, तर तेथेच शिकवावे, म्हणून कुरणशाळा. आजूबाजूची माती, पाने, शंखशिंपले हीच त्यांची साधने. मुलाच्या जवळ जे आहे तेथून आरंभ करावा हा धडा या परिसराने साऱ्या देशास दिला आहे. वहिनी म्हणाल्या, "मी नवे काही करीत नाही. तिथे शिंपले होते, माझ्याजवळ किल्ला आहे."

हा किल्ला म्हणजे समुद्रालगतचा तारापूरचा जुना फिरंगी कोट. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, १७३९ च्या जानेवारी महिन्यात, मराठ्यांनी तो घेतला. तटास सुरुंग लावले, निकराची झुंज झाली, आणि नामांकित सरदार बाजी भिवराव रेठरेकर येथे गोळी लागून पडले. पुढे मे महिन्यात वसई हाती आली. पाठ्यपुस्तकात वसईस चार ओळी मिळतात. तारापुरास तितक्याही मिळत नाहीत. वहिनींनी वर्गास सांगितले की या लढाईची गोष्ट आपण लिहू, पण सरदाराची नव्हे. मराठ्यांच्या छावणीस पिण्याचे पाणी पुरविणारा गावातला एक बारा वर्षांचा पोर कल्पावयाचा, आणि वाचणारा तोच पोर असावयाचा.

पहिली चिठ्ठी वहिनींनी लिहिली. रात्रीची वेळ आहे. तू घागर घेऊन परत चालला आहेस. कोटाच्या सावलीतून हाक येते. हाक मारणारा आत चाकरीस असलेला तुझ्याच गावचा माणूस आहे, त्यास तू ओळखतोस, आणि तो पाणी मागतो आहे. पाणी देशील, की चौकीवर जाऊन सांगशील? येथून पुढे मुलांनी लिहावयाचे. वर्गात चाळीस मुले. पाच-पाचांच्या आठ टोळ्या झाल्या. नियम तीनच. दोन्ही वाटा अशा असाव्यात की शहाणा माणूस यांपैकी कोणतीही धरील. एक उघड मूर्खपणाची आणि एक उघड शहाणपणाची असेल तर तो फाटाच नव्हे. प्रत्येक वाटेचा परिणाम दिसला पाहिजे. आणि जे खरोखर घडून गेले आहे ते कोणत्याही वाटेने बदलावयाचे नाही. तिसरा नियम तांबड्या शाईने लिहून फळ्याशेजारी डकविला होता, आणि त्यावरूनच पुढे एक प्रसंग उद्भवला.

परंतु त्याआधी भाषेचा एक लाभ सांगितला पाहिजे. तो आम्हांस स्वतःस अनपेक्षित होता. अशी गोष्ट 'तू' म्हणून लिहावी लागते. इंग्रजी लेखकास यात काहीच अडचण नाही, कारण त्याच्या क्रियापदास लिंग नाही. मराठीत 'तू येतोस' म्हटले की वाचणाऱ्या मुली बाहेर राहिल्या, 'तू येतेस' म्हटले की मुलगे. वर्गातील मुलींनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की घागर वाहावयाची आम्ही आणि गोष्टीत मात्र पोरगा! तेव्हा दोघांसही चालतील अशी वाक्ये शोधण्याचे काम निघाले. 'तू जाशील' चालते. 'तू घागर उचललीस', 'तू दोर सोडलास' हेही चालते, कारण येथे क्रियापद घागरीकडे आणि दोराकडे पाहून चालते, आणि कर्त्याची खूण म्हणून शेवटी केवळ 'स' उरतो. आपल्या व्याकरणकारांनी यासच कर्तृ-कर्मसंकर असे भारदस्त नाव दिले आहे. जे प्रकरण वर्षानुवर्षे घोकूनही डोक्यात शिरत नाही ते या मुलांनी गरजेपोटी शोधून काढले, आणि त्याचे नाव मागाहून विचारले. नाव आधी आणि गरज कधीच नाही, हा आपल्या व्याकरणाच्या तासांचा जुना रोग आहे.

दुसरा लाभ गणिताचा. प्रत्येक चिठ्ठीपुढे दोन फाटे ठेवले आणि असे पाच वेळा केले, तर शेवट होतात बत्तीस आणि चिठ्ठ्या त्रेसष्ट! एका टोळीने हे खरेच करावयास घेतले आणि तिसऱ्या दिवशी रडकुंडीस आली. मग वहिनींनी दाखविले की वाटा फुटतात तशा मिळतातही. फाटा, त्याचे दोन परिणाम, आणि दोन्ही परिणामांतून पुढच्या एकाच फाट्याकडे येणे; असे केले की पाच फाट्यांची गोष्ट सोळा चिठ्ठ्यांत बसते. वर्गाच्या भिंतीवर चिठ्ठ्या टाचून सुतळीने वाटा जोडल्या होत्या. ती भिंत पाहून आम्हांस नदीच्या मुखाची आठवण झाली. शिवाय एक गोष्ट मुलांच्या ध्यानात आली की एकाच ठिकाणी येऊन मिळालेल्या दोघांच्या मनात निरनिराळे ओझे असते. ज्याने पाणी दिले तो आणि ज्याने चौकीवर सांगितले तो, दोघेही सकाळी त्याच तटाखाली उभे आहेत. पण दोघांस तट सारखा दिसत नाही. हे लिहून दाखविणे म्हणजे साहित्याचा पहिला धडा होय.

आता तो प्रसंग. आम्ही वर्गात मागे बसलो होतो त्या दिवशी एक अकरा-बारा वर्षांची मुलगी उठून म्हणाली, "बाई, बाजी भिवराव वाचतात असा एक फाटा मी लिहू?" वहिनींनी तांबड्या शाईच्या नियमाकडे बोट दाखविले. मुलगी बसली नाही. ती म्हणाली, "पण गोष्टच आहे ना? एका तरी वाटेने वाचू द्या." वर्गात गलका झाला. एकाचे म्हणणे, लिहू द्यावे, पुस्तकातले थोडेच बदलते! दुसरा म्हणाला, मग तो कोट घेण्यास माणसे मेली ती खोटीच का? आमच्या मनात आले की नियम मोडू द्यावा. इतक्या आर्जवाने मागते आहे ते मूल. पण वहिनी पुष्कळ वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ते गेले, हे आपल्या हातात नाही. त्या पोराच्या हातात त्यानंतर काय उरते ते शोध."

चार दिवसांनी त्या मुलीने सहा चिठ्ठ्या आणून दिल्या. कोट पडला आहे, आत लूट चालू आहे, आणि सरदार गेल्याची बातमी त्यांच्या घरी पोचवावयाची आहे. तू लुटीस जाशील, की निरोप्याबरोबर जाशील? निरोप्याबरोबर गेलास तर दारात उभी असलेल्या त्यांच्या आईस प्रथम काय सांगशील. कोट मिळाला हे, की मुलगा गेला हे? एका चिठ्ठीत पोर काहीच बोलत नाही, पायरीवर बसते, आणि आई आपण होऊन आत जाऊन पाण्याचा तांब्या आणते. त्या चिठ्ठीपुढे फाटा नव्हता. वर्गात ती वाचली गेली तेव्हा कोणी हसले नाही, आणि पुढचे मत घेण्यास हात वर करावे याचेही कोणास भान राहिले नाही. त्या मुलीचा मामा मागल्या पावसाळ्याच्या आधी होडीवर गेला तो परतला नव्हता, हे आम्हांस संध्याकाळी घरी आल्यावर वहिनींकडून कळले. मोराच्या निबंधात तिला हे लिहिण्यास जागा नव्हती. नियम मोडू दिला असता तर याही गोष्टीत ती राहिली नसती, असे आता आम्हांस वाटते.

मुलांची चिठ्ठ्यांवरची गोष्ट पुरी झाली की वहिनी ती शाळेच्या एकुलत्या एक संगणकावर चढवितात. यासाठी त्या वापरतात ते साधन 'ट्वाइन' नावाचे. क्रिस क्लाइमस यांनी ते २००९ साली काढले आणि ते विनामूल्य मिळते. वाटेचे शब्द दुहेरी चौकटी कंसात लिहिले की तेथून दुसऱ्या चिठ्ठीकडे रस्ता आपोआप तयार होतो. देवनागरी त्यास व्यवस्थित चालते. आणि पुरी झालेली गोष्ट एका धारिकेत मावते व इंटरनेट नसतानाही उघडते. तथापि यंत्र एकच असल्याने एक मूल मोठ्याने वाचते आणि बाकीची हात वर करून कौल देतात. यंत्र चाळीस असते तर चाळीस मुले चाळीस कोपऱ्यांत बसली असती. वाद झाला तो यंत्र एक होते म्हणून, आणि त्या वादातच अर्धे शिक्षण झाले. वर्गात वारली घरांतून येणारी काही मुले आहेत. पाणी मागणाऱ्या माणसाचे बोलणे त्यांनी आपल्या घरच्या बोलीत लिहिले. ते इतरांस समजावून देण्याचा मान त्यांच्याकडे गेला, आणि एरव्ही मागच्या बाकावर गप्प बसणारी ती मुले त्या तासापुरती गुरुजी झाली.

यावर आक्षेप नाहीत असे नाही. आमच्या तारापूरच्या मावशींनी ऐकून प्रथम एवढेच म्हटले, "गोष्टीला फाटे फोडू नका रे! गोष्ट एक असते आणि तिला शेवट एक असतो." या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे. सिद्धहस्त लेखकाने एकच वाट निवडून तिच्या टोकापर्यंत नेलेली कथा ऐकताना जो आनंद होतो तो येथे मिळत नाही, आणि मिळेल अशी अपेक्षाही करू नये. हा प्रकार त्या कथेची जागा घेण्यासाठी नाही. लिहिणाऱ्याने किती वाटा टाकून ती एक वाट धरली हे कळण्यासाठी आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. मागे फिरून दुसरी वाट घेण्याची सवय लागली तर केलेले निस्तरावे लागते हे मुलांस कळेल काय? वहिनींचा यावर उपाय असा की पहिल्या वाचनात मागे फिरावयाचे नाही. शेवटास पोचल्यावर मग खुशाल दुसरी वाट पाहावी. तिसरा आक्षेप वेळेचा. तीन आठवडे एका गोष्टीस गेले, आणि परीक्षेत मात्र पावसाळाच विचारतात. यास उत्तर एवढेच की त्या मुलांपैकी काहींच्या पुढच्या निबंधात होड्या आल्या, उधाण आले, सुक्या मासळीचा वासही आला. सगळ्यांच्या नव्हे. काही वह्यांत मोर अजून नाचतो आहे.

आमच्या वाचकांस सुचवावयाचे ते हेच की यासाठी शाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. एकत्र कुटुंबात टोळी आयती असते. रविवारी दुपारी जुन्या दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानांचे सोळा तुकडे करावेत, सुतळीचा गुंडा घ्यावा, आणि आपल्या गावची, आपल्या घराण्यातली एक खरी हकीकत निवडावी. आजोबांनी गाव सोडले ती रात्र, घरातील पहिली मुलगी शिकण्यास पुण्यास गेली तो दिवस, विहीर आटली ते वर्ष. जे घडले ते तांबड्या शाईने लिहावे. ज्यावर कोणाचा तरी हात होता ते फाटे काढावेत. वडील माणसांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. वेताळाच्या अखेरच्या प्रश्नाला राजासही उत्तर सुचले नव्हते, आणि तो गप्प राहिला म्हणूनच वेताळ प्रसन्न झाला.

आम्ही निघण्याच्या दिवशी पहाटे मावशी चहा देताना वहिनींना विचारीत होत्या, "त्या पोराने शेवटी पाणी दिले की नाही ग?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही काय केले असतेत, आई?" मावशींनी कप खाली ठेवला आणि त्या विचार करीत बसल्या. आमची गाडीची वेळ झाली होती, म्हणून त्यांचे उत्तर आम्हांस ऐकावयास मिळाले नाही.